गिनीपिगचा पिंजरा : रोजची स्वच्छता, रोजची तपासणी

गिनीपिगचा पिंजरा स्वच्छ करायचा तो घरात वास येऊ नये म्हणून, असा सर्वसाधारण समज आहे, आणि हा समजच या प्राण्याच्या अनेक आजारांच्या मुळाशी असतो. खोलीत उभ्या असलेल्या माणसाचे नाक जमिनीपासून पाच फुटांवर असते, तर गिनीपिगचे नाक ओल्या अंथरणापासून जेमतेम दोन-तीन इंचांवर असते. मूत्रातील युरियाचे जिवाणूंच्या क्रियेने विघटन होऊन तयार होणारा अमोनिया वायू माणसाला जाणवू लागतो, तोपर्यंत त्या प्राण्याच्या श्वसनमार्गाचे अस्तर कित्येक दिवस त्या वायूने जळजळत आलेले असते, आणि अशा दुबळ्या झालेल्या अस्तरावर न्यूमोनिया घडवणाऱ्या जिवाणूंना सहज पाय रोवता येतात. म्हणून वास येऊ लागल्यावर साफसफाई करण्याची पद्धत मुळातच उशिराची असते. पिंजरा वास येण्याच्या आधी साफ व्हावा लागतो.

या कामाचे दुसरे प्रयोजन याहूनही महत्त्वाचे आहे. गिनीपिग हा दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतप्रदेशात हजारो वर्षांपूर्वी माणसाळवला गेलेला, कृंतक गणातील म्हणजे सतत वाढणाऱ्या पटाशीच्या दातांनी कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या गणातील, तृणभक्षी प्राणी असून त्याचे सारे वर्तन भक्ष्य प्राण्याचे आहे. शिकारी प्राणी कळपातील दुबळ्याला आधी हेरतो. त्यामुळे दुखणे लपवणे हे अशा प्राण्याच्या स्वभावातच भिनलेले असते आणि आजारी गिनीपिग बहुधा अगदी शेवटच्या टप्प्यापर्यंत वरवर ठीक दिसत राहतो. तो ओरडत नाही, लंगडत नाही, कोणाजवळ येऊन बसत नाही. त्याच्या प्रकृतीविषयी खरी माहिती मिळते ती लेंड्यांचा आकार, मूत्राचा रंग, उरलेला चारा आणि अंथरणाचा ओलावा यांवरून. पिंजरा झाडताना हे सारे आपोआप डोळ्यांखालून जाते, आणि म्हणूनच रोजची स्वच्छता हीच या प्राण्याची रोजची वैद्यकीय तपासणी होय, असे मानून हे काम करणे इष्ट ठरते.

स्वच्छता सोपी की अवघड हे पिंजऱ्याच्या निवडीवरच ठरते. पाळीव प्राण्यांच्या दुकानांतून गिनीपिगसाठी म्हणून दिले जाणारे पिंजरे पुष्कळदा पक्ष्यांचे किंवा सशांचे असतात. ते उंच, अरुंद आणि तळाला तारेची जाळी असलेले असतात. गिनीपिग चढणारा प्राणी नाही, त्याला उंचीचा उपयोग नाही. त्याला धावायला सपाट जागा लागते. दोन गिनीपिगांसाठी किमान १२० सेंटिमीटर लांब आणि ६० सेंटिमीटर रुंद तळ असावा, आणि घरात जागा असेल तर तो याहून मोठाच असावा, कारण मोठ्या पिंजऱ्यात घाण एकवटत नाही, प्राणी आपापली कोपऱ्याची जागा ठरवतात आणि साफसफाईचे श्रम वाढण्याऐवजी कमी होतात. तळ नेहमी सलग आणि गुळगुळीत असावा. जाळीवर उभे राहिल्याने पायाच्या नाजूक तळव्यांना जखमा होतात, त्यांत जंतुसंसर्ग होऊन तळवे सुजतात, आणि हा विकार एकदा हाडापर्यंत पोहोचला की बरा होणे फार कठीण जाते. काचेच्या मत्स्यपेटीत हवा खेळत नाही, त्यामुळे तीही टाळावी. उंदरांसाठी मिळणारे फिरते चाक आणि प्लॅस्टिकचा बंद गोळा ही दोन्ही साधने गिनीपिगच्या ताठ पाठीच्या कण्याला घातक असून ती विकत घेण्यात अजिबात अर्थ नाही. प्रत्येक प्राण्याला लपण्यासाठी स्वतंत्र आडोसा मात्र हवाच. बाजू कापलेले पुठ्ठ्याचे खोके त्यासाठी उत्तम, कारण ते ओले झाले की टाकून देता येते.

अंथरणाच्या बाबतीत महाराष्ट्रात सर्वांत जास्त वापर लाकडाच्या भुश्याचा होतो, कारण वखारीत तो जवळजवळ फुकट मिळतो. परंतु वखारीतील बारीक भुश्यात धूळ अतोनात असते, तो कोणत्या लाकडाचा आहे हे सांगता येत नाही, आणि त्यात प्लायवूडचा डिंक किंवा पॉलिश मिसळलेले असण्याची शक्यता असते. देवदार आणि चीड यांसारख्या सुगंधी लाकडांतील उडून जाणारी रसायने श्वसनमार्गाला आणि यकृताला त्रासदायक ठरतात. सामानाच्या खोक्यांचे लाकूड तर बहुधा चिडाचेच असते. त्याऐवजी धूळ काढलेले, भट्टीत वाळवलेले बिनवासाचे लाकडी काप किंवा कागदाच्या लगद्यापासून बनवलेले अंथरण वापरावे. भाताचे तूस हलके आणि स्वस्त असले तरी ते टोकदार व धुळकट असते आणि ओल शोषत नाही. वर्तमानपत्र तळाशी थर म्हणून चालते, पण नुसत्याच वर्तमानपत्रावर प्राण्याला ठेवल्यास तो मूत्राने भिजलेल्या निसरड्या कागदावर बसून राहतो आणि पोटाची कातडी चिघळते.

धुऊन पुन्हा वापरता येणारे फ्लीसचे कापड, म्हणजे स्वस्त ब्लँकेटसाठी वापरतात ते लवदार कृत्रिम कापड, अलीकडे बरेच लोकप्रिय झाले आहे. त्याचे वैशिष्ट्य असे की ते स्वतः ओल धरून न ठेवता ती खालच्या थराकडे झिरपू देते, त्यामुळे वरचा पृष्ठभाग कोरडा राहतो. मात्र नव्या फ्लीसवर कारखान्यातील लेप असतो आणि पाणी त्यावरून ओघळून जाते. म्हणून वापरण्याआधी ते गरम पाण्यात तीन-चार वेळा धुवावे लागते, आणि कपडे मऊ करणारे द्रावण कधीही वापरायचे नसते, कारण त्याने तोच दोष पुन्हा निर्माण होतो. फ्लीसखाली जुने टॉवेल किंवा सुती गोधड्या यांचा शोषक थर असावाच लागतो. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत हे ध्यानात घेऊन अशा कापडांचे किमान तीन संच ठेवावेत, कारण दमट फ्लीस परत अंथरण्यापेक्षा साधा कागदी लगदा कितीतरी बरा.

रोजच्या कामाला दहा-पंधरा मिनिटांपेक्षा अधिक वेळ लागत नाही, पण ते काम शक्यतो सकाळी, उजेडात करावे. गिनीपिग ज्या कोपऱ्यात चारा खातो, त्याच कोपऱ्यात बसून तो लेंड्या टाकतो आणि मूत्रविसर्जन करतो. या सवयीचा फायदा घेऊन चाऱ्याची जाळी एका उथळ ट्रेवर टांगली आणि फक्त त्या ट्रेतील अंथरण रोज पूर्ण बदलले, तर निम्म्याहून अधिक घाण एका हाताने बाहेर पडते. उरलेल्या भागातील लेंड्या लहान ब्रश आणि सुपलीने गोळा कराव्यात, ओल्या जागा हाताने चाचपून तेवढेच अंथरण काढावे, आणि आदल्या दिवशीची भाजी कोपऱ्यात किंवा आडोशाखाली लपून राहिली असेल तर ती काढून टाकावी. आडोसा उचलून त्याखाली पाहणे पुष्कळदा राहून जाते, आणि तेथेच बुरशी धरते.

गोळा केलेल्या लेंड्या टाकून देण्यापूर्वी त्यांच्याकडे नीट पाहावे. निरोगी प्रौढ गिनीपिग दिवसाला शंभराहून अधिक लेंड्या टाकतो. त्या एकसारख्या, लांबट, दोन्ही टोकांना गोलसर, तपकिरी आणि वास नसलेल्या असतात. त्या लहान, कोरड्या किंवा एका टोकाला निमुळत्या होऊ लागल्या, अथवा त्यांची संख्या एकाएकी घटली, तर प्राणी कमी खात आहे असा त्याचा अर्थ होतो, आणि कमी खाण्यामागे दातांचे दुखणे, पोटफुगी किंवा अन्य वेदना असू शकते. मऊ, चिकट लेंड्या बहुधा फळ किंवा पाणीदार भाजी जास्त झाल्याचे दाखवतात. पाण्यासारखे जुलाब मात्र त्याच दिवशी पशुवैद्यकाकडे नेण्याचे कारण आहे. एक गोष्ट नव्या पाळणाऱ्यांना घाबरवते, ती येथे स्पष्ट करणे आवश्यक आहे. गिनीपिग मान खाली वाकवून गुदद्वारातून थेट काही खाताना दिसतो. मोठ्या आतड्याच्या आरंभीच्या पिशवीत, म्हणजे उंडुकात, चाऱ्याचे किण्वन होऊन तयार झालेल्या या मऊ गोळ्यांत ब जीवनसत्त्वे आणि प्रथिने असतात, आणि ती परत खाणे ही त्याच्या पचनाची स्वाभाविक व आवश्यक क्रिया आहे. तिला अटकाव करू नये.

मूत्राकडेही असेच पाहावे. गिनीपिगचे मूत्र अल्कधर्मी आणि किंचित गढूळ असते, आणि ते वाळल्यावर कॅल्शियमच्या क्षारांचा पांढरट थर मागे राहतो. हा थर मऊ भुकटीसारखा असेल तर चिंता नाही. पण तो वाळूसारखा खरखरीत लागू लागला, किंवा मूत्रविसर्जन करताना प्राणी कण्हू लागला, तर मूत्राशयात खडा होत असल्याची शंका घ्यावी. बिटासारख्या भाजीने मूत्र लालसर होऊ शकते, परंतु तशी भाजी दिलेली नसताना तांबूस डाग दिसला तर ते रक्त आहे असेच समजून तपासणी करून घ्यावी.

आठवड्यातून एकदा पिंजरा पूर्ण रिकामा करून धुवावा. या वेळी प्राण्यांना दुसऱ्या सुरक्षित खोक्यात थोड्या चाऱ्यासह ठेवावे आणि तळाचा ट्रे प्रथम साध्या गरम पाण्याने व ब्रशने घासावा. क्षारांचा पांढरा थर साबणाने निघत नाही, कारण तो मूलतः चुनखडीसारखा कॅल्शियमचा क्षार असतो. तो आम्लात विरघळतो. म्हणून पांढरे व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात मिसळून ट्रेवर पंधरा-वीस मिनिटे राहू द्यावे, नंतर घासून भरपूर पाण्याने धुवावे आणि पूर्ण कोरडे झाल्यावरच नवे अंथरण घालावे. कोपऱ्यांत आणि जोडांत ओल राहू न देणे हे घासण्याइतकेच महत्त्वाचे आहे. फार कठोरपणे सर्व काही बदलून टाकल्यास प्राणी अस्वस्थ होतात आणि आपला वास पुन्हा उमटवण्यासाठी लगेच सगळीकडे मूत्र शिंपडतात. म्हणून जुन्या अंथरणातील मूठभर कोरडा भाग नव्यात मिसळावा, किंवा आडोसा आणि कापड वेगवेगळ्या दिवशी धुवावे.

फरशी पुसण्याचे फिनेल या कामासाठी कधीही वापरू नये. त्यातील फेनॉलवर्गीय द्रव्ये प्राण्यांच्या त्वचेला व श्वसनाला अपायकारक असतात, आणि सुवासिक फिनेल तर दुहेरी त्रासाचे असते. संसर्गजन्य आजारानंतर निर्जंतुकीकरण आवश्यकच असेल, तर घरगुती ब्लीच एका भागास दहा भाग पाणी या प्रमाणात वापरावे. परंतु आधी ट्रे धुऊन मूत्राचा अंश पूर्ण काढावा, कारण ब्लीच आणि अमोनिया एकत्र आल्यास विषारी वायू निर्माण होतो, आणि व्हिनेगरबरोबर ते मिसळल्यास क्लोरीन वायू सुटतो. पिंजरा असलेल्या खोलीत डासांची कॉइल, धूप, उदबत्ती आणि झुरळांचा फवारा वापरू नये, तसेच डांबरगोळ्या ठेवू नयेत. मुंग्यांसाठी विषारी खडू ओढण्याची पद्धत घरोघर आहे. त्याऐवजी पिंजरा मेजावर ठेवून मेजाचे पाय पाण्याच्या वाट्यांत उभे करावेत, हा दूधदुभत्याच्या कपाटासाठी पूर्वापार चालत आलेला उपाय पुरेसा पडतो. काढलेले अंथरण, लेंड्या आणि गवत ओल्या कचऱ्यात टाकता येते किंवा कुंड्यांसाठी कंपोस्ट खतात वापरता येते. पिंजऱ्याचे सामान स्वयंपाकघरातील सिंकमध्ये धुऊ नये, आणि काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत.

पाण्याची बाटली हा पिंजऱ्याचा सर्वांत दुर्लक्षित भाग होय. पाणी पिताना गिनीपिग तोंडातील चावलेल्या चाऱ्याचे कण नळीत परत ढकलतो, त्यामुळे नळीतली गोळी अडकते, आत हिरवट बुळबुळीत थर चढतो आणि बाटली भरलेली दिसत असूनही प्राणी तहानलेला राहू शकतो. म्हणून पाणी रोज बदलावे, नळीच्या टोकावरील गोळी बोटाने दाबून थेंब येतो की नाही हे पाहावे, आणि बारीक ब्रशने नळी व बाटली आतून घासावी.

पिंजऱ्यातून जे बाहेर येते ते अखेर आत काय गेले यावर अवलंबून असल्याने आहाराचा विचार स्वच्छतेपासून वेगळा करता येत नाही. गिनीपिगला एकंदर वीस दात असून समोरच्या पटाशींप्रमाणे आतील दाढाही आयुष्यभर वाढत राहतात. त्यांची झीज होते ती लांब तंतूंचे गवत तासन्तास चघळल्याने, दाणे किंवा लाकूड कुरतडल्याने नव्हे. त्यामुळे आहाराचा सुमारे ऐंशी टक्के भाग वाळलेल्या गवताचा असावा आणि ते चोवीस तास समोर असावे. टिमोथी जातीचे आयात केलेले वाळके गवत शहरांत मिळते, पण महाग पडते. येथे सहज मिळणाऱ्या चाऱ्यांपैकी हरळी, म्हणजेच दूर्वा, ताजी आणि वाळवलेली अशी दोन्ही प्रकारे चांगली असते. फक्त ती रस्त्याकडेची, कुत्र्यांच्या वावराची किंवा फवारणी केलेल्या हिरवळीवरची नसावी. लसूणघासाच्या बाबतीत मात्र सावधगिरी हवी. गुरांसाठी उत्कृष्ट असलेला हा चारा कॅल्शियमने समृद्ध असल्यामुळे सहा महिन्यांखालील पिलांना आणि गाभण मादीला उपयुक्त ठरतो, पण प्रौढ गिनीपिगला रोज दिल्यास मूतखड्याचा धोका वाढवतो. भाताचा पेंढा पोषणाला अगदी हलका असतो, आणि कोवळी हिरवी ज्वारी तर शरीरात हायड्रोसायनिक आम्ल सोडणारी असल्याने कधीही देऊ नये.

क जीवनसत्त्वाविषयी थोडे विस्ताराने सांगणे भाग आहे. बहुतेक सस्तन प्राणी हे जीवनसत्त्व स्वतःच्या शरीरात तयार करतात. माणूस आणि गिनीपिग यांच्या यकृतात त्यासाठी लागणारे एक विकर म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारे प्रथिन नसते. नॉर्वेतील आक्सेल होल्स्ट आणि थिओडोर फ्रोलिक यांनी १९०७ मध्ये नुसत्या धान्याच्या आहारावर ठेवलेल्या गिनीपिगांमध्ये खलाशांना होणारा स्कर्व्ही हा रोग जडतो असे दाखवले, आणि या जीवनसत्त्वाच्या शोधाचा मार्ग त्या निरीक्षणातून मोकळा झाला. आज घरातला गिनीपिग नुसते दाणे, पोळी आणि काकडी खाऊन जगत असेल तर त्याच्यावर तोच प्रसंग येतो : सांधे दुखू लागतात, हालचाल मंदावते, हिरड्यांतून रक्त येते, केस निस्तेज होतात आणि जखमा भरत नाहीत. निरोगी प्रौढाला शरीराच्या दर किलो वजनामागे रोज सुमारे १० ते ३० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व लागते. शंभर ग्रॅम हिरव्या ढोबळी मिरचीत ते साधारण ८० मिलिग्रॅम असते. म्हणजे ढोबळी मिरचीची रोजची एक जाड फोड आणि थोडी कोथिंबीर ही गरज बरीचशी भागवते. पेरूत हे प्रमाण याहून पुष्कळ जास्त असते, पण साखरही असल्यामुळे बिया काढलेला लहान तुकडा आठवड्यातून एक-दोनदाच द्यावा. जीवनसत्त्वाचे थेंब पाण्याच्या बाटलीत टाकण्याची रीत सोडून द्यावी, कारण ते उजेडात आणि पाण्यात काही तासांतच निकामी होते आणि चव बदलल्याने प्राणी पाणीच कमी पितो.

गोळीखाद्य द्यायचे असल्यास ते खास गिनीपिगसाठी बनवलेले, गवतावर आधारित आणि रंगीत दाणे नसलेले असावे. सशांच्या खाद्यात क जीवनसत्त्व घातलेले नसते. दिवसाला मोठा चमचाभर ते दोन चमचे एवढे पुरते, आणि खाद्यातील हे जीवनसत्त्व साठवणीत घटत जात असल्याने उत्पादनाची तारीख पाहून लहान पाकीट घेणे शहाणपणाचे ठरते. कांदा, लसूण, बटाटा व त्याची साल, अळू, अ‍ॅव्होकॅडो, टोमॅटोचा हिरवा पाला, चॉकलेट, शिजवलेला भात, पोळी, बिस्किट, डाळी आणि दुधाचे पदार्थ देऊ नयेत. पालकात ऑक्झलेट क्षार जास्त असल्याने तो क्वचितच द्यावा. कोबी-फ्लॉवरने वायू धरतो. भाजी धुऊन, निथळून द्यावी, आणि नवी भाजी एका वेळी एकच सुरू करावी, म्हणजे लेंड्या बिघडल्यास कारण कळते.

गिनीपिग एकटा ठेवू नये. तो कळपात राहणारा प्राणी असून सोबत्याची जागा माणूस भरून काढू शकत नाही. स्वित्झर्लंडमध्ये २००८ च्या प्राणिसंरक्षण नियमांनी एकटा गिनीपिग पाळण्यास मनाईच केली आहे. दोन माद्या ही सर्वांत सोपी जोडी होय, आणि लहानपणापासून एकत्र वाढलेले दोन नर ऐसपैस जागेत नांदतात. ससा हा मात्र योग्य सोबती नव्हे, कारण त्याच्या लाथेने इजा होते आणि त्याच्या श्वसनमार्गात निरुपद्रवी राहणारे काही जिवाणू गिनीपिगला घातक असतात. दुकानदाराने सांगितलेले लिंग अनेकदा चुकीचे निघते, म्हणून आणल्यावर लगेच पशुवैद्यकाकडून खात्री करून घ्यावी. मादी चार ते सहा आठवड्यांतच गाभण राहू शकते आणि गर्भकाल ५९ ते ७२ दिवसांचा असतो. पहिली वीण सात महिन्यांच्या वयानंतर आली तर कमरेच्या हाडांचा सांधा ताठर झालेला असल्याने प्रसूती अडून मादी दगावण्याची भीती असते, त्यामुळे हौस म्हणून पिले घेण्याच्या फंदात न पडणेच चांगले. घरात पिले झालीच तर नर पिलांना तीन आठवड्यांचे होताच वेगळे करावे. नवा प्राणी आणल्यास त्याला दोन-तीन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवून मगच जुन्यांशी ओळख करून द्यावी, आणि ती दोघांनाही अनोळखी असलेल्या जागेत करावी.

अँडीजच्या थंड, कोरड्या उंचीवरून आलेल्या या प्राण्याला महाराष्ट्राचा उन्हाळा सोसत नाही. साधारण १८ ते २४ अंश सेल्सिअस तापमान त्याला मानवते आणि तापमान तिशीच्या आसपास गेले की उष्माघाताचा धोका सुरू होतो. नागपूर-चंद्रपूरकडे पारा पंचेचाळिशीला भिडतो तेव्हा त्याला गॅलरीत ठेवणे म्हणजे जिवाशी खेळ होय. घरातील सर्वांत थंड खोलीत, उन्हाची तिरीप येणार नाही अशा ठिकाणी पिंजरा हलवावा, आत शहाबादी फरशीचा तुकडा ठेवावा आणि गोठवलेल्या पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून एका बाजूला आडवी ठेवावी. कूलरचा झोत थेट अंगावर येऊ देऊ नये, आणि कूलरने हवा दमट होत असल्याने त्या दिवसांत अंथरण अधिक वेळा बदलावे. धाप लागणे, लाळ गळणे आणि आडवे पडून राहणे ही उष्माघाताची लक्षणे होत. अशा वेळी बर्फ न लावता गार पाण्यात पिळलेल्या फडक्याने कान व पाय ओलसर करत तातडीने उपचारासाठी न्यावे.

पावसाळ्यातील संकट वेगळे असते. दमट हवेत गवताला बुरशी धरते आणि तिचे बीजाणू फुफ्फुसात जातात. म्हणून गवत कापडी पिशवीत किंवा पुठ्ठ्याच्या खोक्यात जमिनीपासून उंचावर ठेवावे, उघडीप मिळेल तेव्हा उन्हात टाकावे, आणि कुबट वास आला तर मोह न धरता फेकून द्यावे. याच दिवसांत माश्या मूत्राने किंवा विष्ठेने माखलेल्या केसांत अंडी घालतात आणि एका दिवसात अळ्या निघून जिवंत त्वचा पोखरू लागतात, त्यामुळे लांब केसांच्या, लठ्ठ किंवा वृद्ध गिनीपिगचा मागचा भाग पावसाळ्यात रोज पाहणे अत्यावश्यक ठरते. मागचे केस कात्रीने आखूड ठेवले की हा धोका बराच टळतो. दिवाळीच्या फटाक्यांनी आणि ढोल-ताशांच्या आवाजानेही हा प्राणी भेदरतो. त्या काळात पिंजरा आतल्या खोलीत ठेवून भरपूर गवत घालावे, म्हणजे त्याला त्यात शिरून बसता येते.

साप्ताहिक स्वच्छतेच्या दिवशी प्राणी बाहेर काढलेलाच असतो, तेव्हा स्वयंपाकघरातील किंवा टपालाच्या काट्यासारख्या लहान वजनकाट्यावर त्याचे वजन करून वहीत लिहून ठेवावे. प्रौढाचे वजन साधारण ७०० ग्रॅम ते १२०० ग्रॅम असते, पण त्या आकड्यापेक्षा त्यातला बदल महत्त्वाचा. आठवड्यात ५० ग्रॅमहून अधिक घट झाली तर कारण शोधावे. उचलताना एक हात छातीखाली आणि दुसरा मागच्या भागाखाली द्यावा. मुलांनी त्याला उभ्याने उचलू नये, जमिनीवर बसूनच मांडीवर घ्यावे, कारण कमरेच्या उंचीवरून पडल्यानेही त्याचा कणा मोडू शकतो. नखे महिन्यातून एकदा कापावीत; पांढऱ्या नखातील गुलाबी शीर दिसते, तिच्या अलीकडे थांबावे, आणि काळ्या नखाचे फक्त टोक काढावे. अंघोळीची सहसा गरज नसते. केस गळून गोल चट्टे दिसले तर तो नायटा असू शकतो आणि तो मुलांना लागतो. खाजवून प्राणी हैराण होत असेल, अगदी झटके आल्यासारखा वागत असेल, तर त्वचेत बिळे करणाऱ्या सूक्ष्म किडीचा तो परिणाम असतो आणि त्यावर पशुवैद्यकाने मोजून दिलेले औषधच लागू पडते.

औषधांबाबत एक ताकीद अतिशय गांभीर्याने पाळावी. अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन आणि पेनिसिलिन वर्गातील इतर प्रतिजैविके, तसेच क्लिंडामायसिन, तोंडावाटे दिल्यास गिनीपिगच्या उंडुकातील उपकारक जिवाणू मरतात, त्यांच्या जागी विषे निर्माण करणारे जिवाणू माजतात आणि काही दिवसांत मृत्यू ओढवतो. घरातील माणसांच्या किंवा कुत्र्यांच्या औषधांतला थेंबही देऊ नये. बारा तास काहीही न खाल्लेला गिनीपिग तातडीचा रुग्ण असतो, कारण त्याचे आतडे सतत भरलेले असावे लागते आणि ते थांबले की वायू साठून प्रकृती झपाट्याने ढासळते. लहान प्राण्यांवर उपचार करणारे पशुवैद्यक सर्वत्र नसतात. म्हणून प्राणी आणण्यापूर्वीच आपल्या गावातील किंवा जवळच्या शहरातील असा दवाखाना शोधून ठेवावा, आणि परळ, नागपूर किंवा शिरवळ येथील पशुवैद्यकीय महाविद्यालये जवळ असतील तर तेथे चौकशी करावी.

सुट्टीत घर बंद करून गावी जाताना दोन-चार दिवसांचा चारा एकदम ठेवून निघण्याची चूक करू नये, कारण बाटली गळली किंवा नळी अडकली तर तेवढ्यात प्राणी दगावतो. शेजारच्या घरी पिंजऱ्यासह सोपवणे अधिक सुरक्षित असते. त्यांच्यासाठी एका कागदावर रोजचा चारा व भाजीचे प्रमाण, न द्यायच्या पदार्थांची नावे, शेवटचे वजन, नेहमीच्या लेंड्यांचे वर्णन आणि दवाखान्याचा क्रमांक लिहून द्यावा, आणि जाण्याच्या आदल्या दिवशी त्यांच्याकडूनच एकदा पिंजरा साफ करवून घ्यावा.